लूपची पट्टी बदलली की आवाज का बिघडतो? तो टिकवायचा कसा?

ट्रॅक 'काळी एक'मध्ये आणि गाणारीचा गळा 'काळी चार'चा. रील असो, कव्हर साँग असो की घरच्या घरी केलेलं रेकॉर्डिंग, ही अडचण कधी ना कधी येतेच. मग मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये किंवा लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पिच' नावाचं बटण सापडतं. ते फिरवलं की पट्टी बदलते, पण सोबत आणखीही काही बदलतं. तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो, गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटते आणि कोरसमधले आवाज कार्टूनमधल्या पात्रांसारखे होतात.

यावर बहुतेक जण दोनपैकी एक मार्ग धरतात. बिघडलेला ट्रॅक तसाच वापरतात, किंवा आपल्या गळ्याला न झेपणाऱ्या पट्टीत ओढूनताणून गातात. दोन्हीकडे नुकसान गाणाऱ्याचंच. प्रत्यक्षात महागडं सॉफ्टवेअर नसल्यामुळे आवाज बिघडतो असं फार कमी वेळा होतं. लूप कोणत्या वाद्याचा आहे हे न पाहता सगळ्यांना एकच सेटिंग लावलं जातं, हे त्यामागचं नेहमीचं कारण असतं. पट्टी बदलताना सॉफ्टवेअर आत नेमकं काय करतं हे कळलं, तर मोफत साधनांमध्येही लूपचा मूळ आवाज बराचसा टिकवता येतो.

पट्टी बदलणं म्हणजे नेमकं काय?

लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येईल असा संगीताचा छोटा तुकडा. तबल्याचं एक आवर्तन, ड्रम्सचे चार बार, तानपुऱ्याचा एक फेरा किंवा गिटारचा कॉर्ड्सचा तुकडा, असं काहीही. त्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला बेमालूम जुळलं पाहिजे, एवढीच अट.

आवाज म्हणजे हवेची कंपनं. एका सेकंदात जितकी जास्त कंपनं, तितका सूर वरचा. हे माप हर्ट्‌झमध्ये मोजतात. हार्मोनियमवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये, म्हणजे 'पांढरी एक' आणि 'काळी एक' यांच्यात, जे अंतर असतं त्याला एक सेमीटोन म्हणतात. एक सेमीटोन वर गेलं की कंपनं सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढतात. असे १२ सेमीटोन चढले की कंपनांची संख्या बरोबर दुप्पट होते आणि आपण वरच्या सप्तकातल्या त्याच स्वरावर पोहोचतो. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे 'अधिक ३' किंवा 'उणे २' हे आकडे या सेमीटोनचेच असतात. एका सेमीटोनचे पुन्हा १०० बारीक भाग केलेले असतात, त्यांना सेंट म्हणतात.

स्केल चेंजर हार्मोनियममध्ये पट्टी बदलते तेव्हा आवाज अजिबात बिघडत नाही. कारण तिथे स्वरपट्ट्यांचा सांगाडाच सरकतो आणि त्याच पट्टीखाली शेजारची रीड येते. प्रत्येक सूर त्याच्यासाठीच बनवलेल्या रीडमधून निघतो. रेकॉर्ड केलेल्या लूपमध्ये ही सोय नसते. वाजून गेलेल्या आवाजाची एकच लहर फाइलमध्ये साठवलेली असते. त्या लहरीतूनच नवा सूर काढायचा असतो.

वेग वाढवला की सूर का चढतो?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फाइल वेगाने वाजवणं. लहरी जवळजवळ येतात, एका सेकंदातली कंपनं वाढतात आणि सूर चढतो. पण लयही वाढते. कॅसेट प्लेअरचे सेल उतरले की गाणं रेंगाळायचं आणि गायकाचा आवाज घोगरा व्हायचा, तेही याच कारणाने.

तीनतालाचं एक आवर्तन १६ मात्रांचं असतं. लय १२० बीपीएम असेल तर ते ८ सेकंदांत पूर्ण होतं. हा लूप नुसता वेग वाढवून तीन सेमीटोन वर नेला, तर तो साधारण ६.७ सेकंदांत संपतो आणि लय जवळपास १४३ बीपीएमवर जाते. बाकी गाणं १२० वरच असेल तर समेलाच गडबड होणार.

टेपच्या काळात या मर्यादेचाच कलाकारांनी उपयोग करून घेतला. अमेरिकेतले रॉस बॅगडासारियन यांनी १९५८ मध्ये 'द चिपमंक साँग' याच युक्तीने केलं. आवाज निम्म्या वेगावर चालणाऱ्या टेपवर सावकाश गाऊन रेकॉर्ड केले आणि नेहमीच्या वेगाने वाजवले. खारींसारखे चिरके आवाज तयार झाले आणि १९५९ च्या पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात या गाण्याने तीन पुरस्कार मिळवले.

बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९६६ च्या अखेरीस या गाण्याची दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज झाली. दोन्हींची पट्टी वेगळी आणि लयही वेगळी. जॉन लेनन यांना एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांच्या नशिबाने जे रेकॉर्डिंग जलद होतं, तेच वरच्या पट्टीतही होतं. त्यामुळे टेपचा वेग बदलताच लय आणि पट्टी एकाच वेळी जवळ आली आणि दोन तुकडे जोडता आले.

आज इन्स्टाग्रामवर फिरणारी 'स्लोड' आणि 'स्पेड अप' गाणी बहुतेकदा याच जुन्या पद्धतीची असतात. यात एक गंमत आहे. ऐकायला ती कितीही विचित्र वाटली, तरी तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात स्वच्छ बदल आहे. सॉफ्टवेअरला यात कसलाही अंदाज बांधावा लागत नाही. अंदाजाची गरज पडते ती लय तशीच ठेवून सूर बदलायचा असतो तेव्हा.

लय तीच ठेवून सूर कसा बदलतात?

हे काम बहुतेकदा दोन पायऱ्यांत होतं. वरचाच ८ सेकंदांचा तीनताल तीन सेमीटोन वर न्यायचा आहे असं धरा. सॉफ्टवेअर आधी सूर न बदलता तो ताणून सुमारे ९.५ सेकंदांचा करतं. मग ताणलेला आवाज त्याच प्रमाणात वेगाने वाजवतं. लांबी पुन्हा ८ सेकंद होते आणि सूर मात्र तीन सेमीटोन चढलेला असतो.

दुसरी पायरी सोपी आहे. सगळी कसोटी पहिल्या पायरीत आहे. ८ सेकंदांच्या आवाजातून ९.५ सेकंद आणायचे, तर वरचा दीड सेकंद कुठून आणायचा?

त्यासाठी दोन प्रमुख पद्धती वापरात आहेत. पहिली तुकड्यांची. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे बारीक तुकडे करायचे, काही तुकडे पुन्हा वापरायचे आणि ते एकमेकांवर थोडे चढवून जोडायचे. टेपच्या काळातही फिरत्या हेडच्या यंत्रांनी हेच साधायचा प्रयत्न केला जात होता. १९७५ मध्ये बाजारात आलेलं इव्हेंटाइड कंपनीचं एच९१० हे पट्टी बदलणाऱ्या सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांपैकी एक.

दुसरी पद्धत फेज व्होकोडरची. १९६६ मध्ये बेल लॅब्जच्या जेम्स फ्लॅनागन आणि रॉजर गोल्डन यांनी ती मांडली. यात आवाजाच्या छोट्या छोट्या खिडक्या करून प्रत्येक खिडकीत कोणकोणते सूर किती जोराने आहेत याचा हिशेब केला जातो. मग तोच हिशेब जास्त वेळेवर पसरून आवाज नव्याने रचला जातो. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या दोन पद्धतींची किंवा त्यांच्या मिश्रणाची सुधारित रूपं असतात.

मग आवाज बिघडतो कुठे?

बिघाडाचं मूळ एका नियमात आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये तो ध्वनीच्या संदर्भात मांडला. सूर अचूक ओळखायचा असेल तर तो पुरेसा वेळ ऐकावा लागतो. पण जितका जास्त वेळ ऐकावं, तितकं एखादा आवाज नेमका कोणत्या क्षणी झाला हे धूसर होत जातं. दोन्ही एकाच वेळी अचूक मिळत नाही.

बास गिटारवरचे शेजारचे दोन खर्जातले सूर घ्या. त्यांच्यात जेमतेम ४ हर्ट्‌झचा फरक असतो, उदाहरणार्थ सुमारे ६५ आणि ६९ हर्ट्‌झ. हे सूर निव्वळ कंपनांवरून वेगळे ओळखायला साधारण पाव सेकंदाची खिडकी लागते. याउलट तबल्यावरचा 'ना' चाटेवर पडतो तो आघात काही मिलिसेकंदांत उरकतो. पाव सेकंदाच्या खिडकीत तो आघात पसरतो आणि त्याची धार जाते. खिडकी लहान केली तर तबला सुधारतो, पण बासचा सूर थरथरायला लागतो.

पट्टी बदललेल्या लूपमध्ये ऐकू येणारे बहुतेक दोष यातूनच येतात:

- आघात बोथट होणं. टिपरी, टाळी, स्नेअर किंवा तबल्याचे बोल मऊ आणि लांबट वाटतात.
- दुहेरी ठोका. तुकडा पुन्हा वापरताना आघातही पुन्हा आला, तर एका थापेच्या दोन ऐकू येतात.
- पोकळपणा. वेगवेगळ्या सुरांच्या लहरींचा आपसातला मेळ सुटतो आणि आवाज नळातून किंवा दूरच्या खोलीतून आल्यासारखा होतो.
- थरथर. लांब टिकणाऱ्या सुरात, म्हणजे तानपुरा, व्हायोलिन, हार्मोनियम यांत, नसलेला कंप ऐकू येतो.

तबल्याचा लूप एवढा अवघड का?

बहुतेक ड्रम्सना ठरावीक असा सूर नसतो. म्हणून गाण्याची पट्टी बदलली तरी ड्रम लूप जसाच्या तसा ठेवता येतो आणि तसाच तो ठेवावाही. तबल्याचं तसं नाही. चाटेच्या मधोमध असलेल्या शाईमुळे तिचे उपस्वर मूळ सुराच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेटक्या प्रमाणात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांचं हे वैशिष्ट्य मांडलं होतं. त्यामुळेच तबला सुरात लावता येतो आणि गाणाऱ्याच्या षड्‌जाशी जुळला नाही तर लगेच खटकतो.

म्हणजे तबल्याचा लूप एकाच वेळी दोन गोष्टी मागतो. आघाताची धार हवी आणि 'ना', 'तिं'चा सूरही स्वच्छ हवा. एका खिडकीत दोन्ही मावत नाही. शिवाय डग्ग्यावरची मींड सतत सरकत असते, तीही नीट यायला हवी.

यावरचा उपाय म्हणजे शक्य असेल तिथे तबला आणि डग्गा वेगळ्या ट्रॅकवर असलेला लूप निवडणं. मग फक्त चाटेची पट्टी बदलायची. डग्गा षड्‌जात लावलेला नसतो, त्यामुळे तो मूळ स्थितीत ठेवला तरी सहसा खपून जातो आणि ठेक्याचा भरदारपणा टिकतो.

माणसाचा आवाज कार्टूनसारखा का होतो?

गाताना स्वरयंत्र सूर तयार करतं आणि घसा, तोंड, नाक यांच्या पोकळ्या त्या सुराला रंग देतात. या पोकळ्यांमुळे काही ठरावीक कंपनं उठून येतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. 'आ' आणि 'ई' वेगळे ऐकू येतात ते यांच्यामुळेच. एखादी गायिका 'सा'वरून 'प'वर जाते तेव्हा सूर चढतो, पण तिच्या तोंडाची पोकळी त्याच प्रमाणात लहान होत नाही. फॉर्मंट बरेचसे जागेवर राहतात.

साधं पिच शिफ्टिंग सूर आणि फॉर्मंट दोन्ही एकदमच उचलतं. कानाला वाटतं की गाणाऱ्याचं तोंडच आकसलं, म्हणून चिपमंक आठवतो. उलट सूर खाली आणला तर राक्षस आठवतो.

म्हणून गायनाच्या लूपला 'फॉर्मंट प्रिझर्व्ह' किंवा 'फॉर्मंट करेक्शन' नावाचा पर्याय सुरू ठेवावा. ड्रम्स आणि बाससाठी मात्र तो बंद ठेवलेला बरा. तिथे तो फायदा कमी करतो आणि आवाज कृत्रिम होण्याची शक्यता वाढवतो.

कोणत्या लूपला कोणता मोड?

सॉफ्टवेअरमधल्या मोडची नावं वेगवेगळी असली तरी त्यामागचा प्रश्न एकच असतो: या लूपमध्ये जपायचं काय आहे, आघात की सूर?

एबलटन लाइव्हमध्ये 'बीट्स' मोड आघातांच्या लूपसाठी, 'टोन्स' एकेका सुराने वाजणाऱ्या बासरी, बास किंवा एकट्या गायकासाठी, 'टेक्स्चर' गुंजन किंवा वातावरणाच्या आवाजासाठी आणि 'कॉम्प्लेक्स' व 'कॉम्प्लेक्स प्रो' पूर्ण गाण्यासारख्या मिश्र आवाजासाठी आहेत. 'कॉम्प्लेक्स प्रो'मध्ये फॉर्मंटचं नियंत्रणही मिळतं. 'री-पिच' मोड मात्र जुन्या टेपसारखा, लय आणि सूर एकत्र बदलणारा.

एफएल स्टुडिओमध्ये 'रिसॅम्पल' म्हणजे हीच टेपची पद्धत. लय तशीच ठेवायची तर 'स्ट्रेच' किंवा 'इलास्टिक'च्या पर्यायांकडे जावं लागतं. रीपरमध्येही इलास्टिक आणि रबर बँड यांसारख्या पद्धती निवडता येतात.

मोफत असलेल्या ऑडॅसिटीमध्ये 'चेंज पिच' इफेक्टमध्ये उच्च दर्जाच्या स्ट्रेचिंगचा पर्याय असतो. त्याला वेळ जास्त लागतो, पण लांब टिकणाऱ्या सुरांवर त्याचा फरक जाणवतो. ३.५ या आवृत्तीपासून तर मूळ फाइलला धक्का न लावता क्लिपची पट्टी वरखाली करता येते.

किती सेमीटोनपर्यंत आवाज टिकतो?

याचा काटेकोर नियम नाही, पण अंदाज बांधता येतो. एक-दोन सेमीटोनचा बदल बहुतेक लूप सहज पचवतात. तीन-चारला योग्य मोड निवडणं गरजेचं होतं. पाचच्या पुढे काही ना काही किंमत मोजावी लागते, विशेषतः गायन, तबला आणि सतार यांसारख्या कानाला चांगल्याच ओळखीच्या आवाजांत.

'काळी एक' ते 'काळी चार' हे अंतर वर जाताना सात सेमीटोनचं आहे, म्हणजे 'सा' ते 'प'. पण खाली उतरून मंद्र सप्तकातल्या 'प'वर गेलं तर अंतर पाचच सेमीटोनचं भरतं. पोहोचतो दोन्हीकडून 'काळी चार'वरच. म्हणजे कोणत्याही पट्टीवर जायला सहापेक्षा जास्त सेमीटोनची गरज नसते. दोन्ही बाजूंनी करून पाहावं आणि जे कानाला बरं वाटेल ते ठेवावं. खाली आणलेला लूप थोडा मंद वाटतो, कारण त्याची वरची चमकही खाली सरकते. पाच सेमीटोन उतरल्यावर २०,००० हर्ट्‌झवरची कंपनं साधारण १५,००० वर येतात. त्यावर इक्वलायझरने थोडी चमक वाढवता येते. वर नेलेल्या लूपचा चिरकेपणा मात्र सहज झाकता येत नाही.

आणखी एक युक्ती बीटल्सच्या त्या दोन टेपांसारखी आहे. सूर आणि लय दोन्ही एकाच दिशेने बदलायचे असतील तर टेपची पद्धत वापरावी. १०० बीपीएमचा लूप १०६ वर नेला की तो जवळपास एक सेमीटोन चढतो. ११२ वर नेला की दोन सेमीटोन. उरलेला किरकोळ फरक सेंटमध्ये जुळवता येतो. अशा वेळी आवाज ताणायची गरज जवळजवळ उरतच नाही.

काम करताना काय काळजी घ्यायची?

मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक असावी. एमपी३ मध्ये कानाला सहसा न जाणवणारे बारकावे काढून टाकलेले असतात. पट्टी बदलली की त्या रिकाम्या जागा उघड्या पडतात. शिवाय एमपी३ करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घुसते, त्यामुळे लूपचा सांधाही बिघडतो.

प्रत्येक बदल मूळ फाइलवरच करावा. आधी पाच सेमीटोन चढवून सेव्ह केलं, मग जास्त वाटलं म्हणून त्याच फाइलवर दोन उतरवले, तर नुकसान दोनदा होतं. मूळ फाइल उघडून थेट तीन चढवावेत.

आधी पट्टी बदलावी, रीव्हर्ब आणि डिलेसारखे इफेक्ट नंतर लावावेत. रीव्हर्बची शेपटी ताणली गेली की ती थरथरते. लूप निवडतानाही शक्यतो कोरडा, म्हणजे इफेक्ट नसलेला निवडावा.

सांधा जपण्यासाठी लूप सलग तीनदा चिकटवावा, तिन्हींची पट्टी एकत्र बदलावी आणि मग मधला तुकडा कापून घ्यावा. टोकांना शेजारचा आवाज न मिळाल्यामुळे होणारा 'टक्' असा आवाज यामुळे टळतो.

स्टिरिओ लूपची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी करून बदलू नये. दोन्हींचा हिशेब थोडा वेगळा झाला तरी मधोमध वाटणारं वाद्य इकडेतिकडे भटकू लागतं.

आवाजाची पातळी आधीच थोडी कमी करून ठेवावी. लहरी नव्याने रचल्या जाताना काही टोकं मूळपेक्षा उंच जातात आणि आवाज फाटतो.

शेवटी तानपुरा किंवा ट्यूनर लावून सूर तपासावा. प्रत्यक्ष वाद्यावर रेकॉर्ड केलेला लूप बरोबर ४४० हर्ट्‌झच्या मापात असेलच असं नाही. सेमीटोन बरोबर असूनही १५-२० सेंटचा फरक राहिला तर लूप बेसूर वाटतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

पट्टी बदलल्यावाचून काम भागतं का?

अनेकदा भागतं. लूप मिडी स्वरूपात मिळत असेल तर तोच घ्यावा. मिडीमध्ये आवाज नसतो, कोणता सूर कधी आणि किती जोराने वाजवायचा याच्या फक्त सूचना असतात. पट्टी बदलली की सॉफ्टवेअरमधलं वाद्य नव्या सुरात वाजतं, अगदी स्केल चेंजर हार्मोनियमसारखं. गॅरेजबँडमध्ये हिरव्या रंगाचे लूप असे असतात आणि निळे रेकॉर्ड केलेले.

मिश्र लूप असेल तर तो वेगळा करून पाहता येतो. मेटाचं डेमक्स किंवा डीझरचं स्प्लीटर यांसारखी मोफत साधनं ड्रम्स, बास, गायन आणि बाकीची वाद्यं वेगळी करतात. लॉजिक प्रो आणि एफएल स्टुडिओच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही सोय आतच आहे. ड्रम्स तसेच ठेवून बाकीच्यांना ज्याचा त्याचा मोड लावता येतो. अर्थात वेगळं करतानाही थोडा आवाज सांडतो, त्यामुळे हा उपाय गरज असेल तेव्हाच.

आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे आपल्या पट्टीच्या जवळचा लूप शोधणं. तबला आणि तानपुऱ्याचे चांगले संच अनेकदा वेगवेगळ्या पट्ट्यांत रेकॉर्ड केलेले मिळतात. 'काळी चार'साठी 'पांढरी पाच'चा लूप मिळाला तर एकाच सेमीटोनचं काम उरतं.

एक गैरसमज मात्र दूर ठेवायला हवा. पट्टी बदलली म्हणून दुसऱ्याचा लूप आपला होत नाही. त्याचा परवाना मूळ पट्टीत जेवढा लागतो, तेवढाच नव्या पट्टीतही लागतो.

आवाज टिकला की नाही, हे कसं ओळखायचं?

मूळ आणि बदललेला लूप सारख्याच पातळीवर ठेवून हेडफोनवर आलटून पालटून ऐकावा. आधी फक्त आघात ऐकावेत: धार आहे का, ठोका दुहेरी झालाय का? मग लांब टिकणारे सूर: कंप आलाय का? मग लूप चार-पाच वेळा सलग वाजवून सांधा ऐकावा. त्यानंतर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावं, कारण रील बहुतेक जण तिथेच ऐकणार असतात.

दर वेळी निर्दोष आवाजच हवा असं नाही. निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी डेव्हिड बोवी यांच्या १९७७ च्या 'लो' अल्बममध्ये एच९१० मधून स्नेअर ड्रमचा सूर मुद्दाम खाली कोसळवला आणि तो आवाज त्या अल्बमची ओळख ठरला. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या जंगल संगीताच्या निर्मात्यांनी सॅम्पलरमध्ये ताणलेल्या आवाजाचा धातूसारखा खरखरीतपणा आवडीने वापरला. फरक एवढाच की त्यांना तो तसाच हवा होता.

गाण्याच्या साथीसाठी लूप वापरताना मात्र शेवटचा निर्णय गाणाऱ्यावर सोपवावा. नव्या पट्टीतला लूप लावून एक कडवं गाऊन पाहावं. गळा मोकळा लागत असेल आणि गाताना ठेक्याकडे वेगळं लक्ष जात नसेल, तर काम झालं. थोडासा दोष राहिला आणि गळा आरामात असेल, तरी तो सौदा वाईट नाही. लूप पुन्हा दुरुस्त करता येतो. चुकीच्या पट्टीत रोज ओढून गायलेल्या गळ्याचं तसं नसतं.